भरड्यातला श्वास

“आधी शांतता ऐक गं. गाणं काय, कुणीही ऐकतं. दोन गाण्यांच्या मधली रिकामी जागा ऐकायला शिकलीस, की तुला कुणी फसवू शकणार नाही.”

ताई कामाला लागल्या, त्या पहिल्याच दिवशी तिथल्या जुन्या बाईंनी त्यांना हे सांगितलं होतं.

आणि जे घडलं, ते त्या रिकाम्या जागेतच घडलं.

मी शपथा घालत नाही. ऊठसूट देवाला साक्षीला बोलावलं तर त्याचंही मन विटत असेल, असं मला वाटतं. पण हे खरं आहे. माझ्या सख्ख्या नणंदेच्या, ताईंच्या बाबतीत घडलेलं आहे. आणि त्यातलं शेवटचं थोडं मी माझ्या या दोन कानांनी ऐकलेलं आहे.

अमावास्या नव्हती. रात्र तर नव्हतीच. जेवणाची सुट्टी संपून कंपनीचा भोंगा नुकताच वाजला होता आणि खिडक्यांमधून लख्ख ऊन आत येत होतं. असलं ऊन मेलेल्यांना चालत नाही, असं म्हणतात.

चालतं.

ताईंची कंपनी गाण्याच्या तबकड्या बनवते. त्याच, काळ्या, गोल, सुईवर वाजणाऱ्या. मधल्या काळात कॅसेट आल्या, सीडी आल्या. कंपनीने त्याही केल्या आणि त्यांचे दिवस भरल्यावर ती यंत्रं भंगारात घातली. तबकड्यांचे प्रेस मात्र जुन्या मालकांनी ताडपत्री पांघरून जपून ठेवले होते. लोक हसायचे. आता हौशी माणसांना पुन्हा तबकड्या हव्याशा झाल्या, तेव्हा धाकट्या मालकांनी ताडपत्री काढली आणि हसणारे गप्प बसले.

काळे दाणे वितळवायचे. त्यांचा गरम गोळा वर-खाली लेबल लावून दोन धातूच्या साच्यांमध्ये ठेवायचा. मग वाफेचा प्रेस खाली येतो, फुस्स करून, आणि साच्यावरच्या रेघा गोळ्यावर उमटतात. कडा छाटायची, गार करायची, पाकिटात घालायची. आणि या सगळ्या गोंगाटाच्या कडेला, जाड गाद्या ठोकलेल्या भिंतींची एक लहानशी ऐकायची खोली.

ताई तिथे बसतात. गठ्ठ्यातली मधलीच एक तबकडी उचलायची, हेडफोन लावायचा, आणि खरखर, टिकटिक, सुईची उडी, काही सापडतंय का ते शोधायचं. सापडलं की गठ्ठा परत. ताईंची सही झाल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. प्रेसवरचे मिस्त्री त्यांना ‘कानसेन’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ताईंना ते आवडतं.

त्या खुर्चीवर आधी बाई बसायच्या.

बाई तरुणपणी गायच्या. जुन्या मालकांनी कौतुकाने त्यांचं एक गाणं घेतलं आणि तबकडी काढली. एका बाजूला ते एकच गाणं, मागची बाजू कोरी. ती खपली नाही. म्हणजे अगदी एकही नाही. गठ्ठे गोदामात गेले आणि बाई ऐकायच्या खोलीत. उभं आयुष्य दुसऱ्यांची गाणी ऐकली बिचारीने. स्वतःची तबकडी त्या खोलीत एकदाही लावली नाही.

गेल्या थंडीत बाई गेल्या.

आणि उन्हाळा लागता लागता धाकट्या मालकांनी हुकूम सोडला, “गोदाम मोकळं करा.”

या धंद्यात जुनी तबकडी कुणी फेकत नाही. मधलं लेबल ठोकून काढतात, कारण कागदाचा कण राहिला तर पुढे खरखर होते. उरलेलं चक्कीत भरडतात. त्या काळ्या चुऱ्याला तिथे ‘भरडा’ म्हणतात. तो नव्या दाण्यांत मिसळला की काळ्यात काळं, कुणाला कळतंय!

ताई तेव्हा तापाने अंथरुणात होत्या. बऱ्या होऊन गेल्या, तर गोदाम झाडून लख्ख. कोपऱ्यात फक्त एक पोतं. ताईंनी आत हात घातला.

सगळी लेबलं. सगळ्यांवर बाईंचं नाव.

मूठ भरून बाई हातात आल्या.

ताई तशाच, मूठ न उघडता, मालकांच्या खोलीत गेल्या.

“एक तरी ठेवायची होती.”

“कशाला ताई? कुणी मागितली होती?”

“मी मागते.”

“मग तेव्हा बोलायचं.”

“तेव्हा मी तापाने फणफणले होते.”

“मग आता मी काय करू, सांगा ना! पीठ झाल्यावर गहू मागताय तुम्ही.”

मालक काही दुष्ट नव्हेत. पण कशाचं काय मोल ते कळत नाही, असा माणूस. ताईंनी मूठ त्यांच्या टेबलावर मोकळी केली आणि परत येऊन हेडफोन लावला.

त्याच आठवड्यात फाटकावर एक म्हातारी आली. हातात कापडी पिशवी. बाईंची धाकटी बहीण. दोघी आयुष्यभर एकाच घरात राहिलेल्या. रखवालदार तिला आत सोडेना, म्हणून ताई बाहेर गेल्या.

“तिची एक तरी असेल ना हो? फुटकी चालेल.”

ताईंनी तिला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं.

“तिने घरी कधी आणलीच नाही,” मावशी सांगत होत्या. “म्हणायची, एक खपू दे, दुसरी आपली. आता मी तिचा आवाज आठवायला बसते ना, तर मेला तिचा खोकलाच आठवतो. गाणं काही केल्या येत नाही. आता मी गेले की संपलंच, नाही का?”

“मावशी, पाणी घ्या,” ताई एवढंच म्हणाल्या.

मावशींनी पाणी घेतलं. रिकामी पिशवी नीट घडी करून काखेत मारली आणि गेल्या.

त्या रात्री ताई जेवल्या नाहीत. मी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. “माणूस मेल्यावर त्याला भरडतात का गं कुठे?” असं त्यांनी मला विचारलं.

आता त्या दुपारकडे येते.

मोठी ऑर्डर चालू होती. कुठल्याशा वादकाच्या धुना. गाणं नाही, माणसाचा आवाजच नाही त्यात. ताईंनी गठ्ठ्यातली तबकडी काढली, सुई ठेवली. पहिली धून छान गेली. संपली. मधली रिकामी जागा आली.

आणि…

कुणीतरी श्वास घेतला.

दमल्याचा नव्हे, झोपेतला नव्हे. गाणारं माणूस पहिला सूर लावण्याआधी छाती भरून घेतं ना, तसा.

सूर मात्र आला नाही. दुसरी धून सुरू झाली.

ताईंनी सुई मागे घेतली. पुन्हा ऐकलं.

पुन्हा तोच श्वास.

आणि या वेळी त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली. हेडफोन कितीही चांगला असला तरी बाहेरच्या प्रेसची फुसफुस भिंतीतून थोडी तरी येतेच. इतक्या वर्षांत ती कधी थांबली नव्हती. पण त्या श्वासाच्या वेळी…

बाहेर काहीच नव्हतं.

ताईंनी हेडफोन काढला. तबकडी फिरत होती. सुई रिकाम्या जागेवर होती. आणि अख्खी कंपनी गप्प. पंखा फिरतोय, आवाज नाही. दाराच्या काचेतून मिस्त्री दिसतायत, प्रेस वर जातोय, खाली येतोय, वाफ उडतेय…

आवाज नाही.

मग सुई पुढे सरकली, धून लागली, आणि सगळा गोंगाट धाडकन अंगावर आला.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. ताई उठल्या, दार उघडलं आणि ओरडल्या, “मिस्त्री! जरा इकडे मरा!”

मिस्त्री हात पुसत आले. “काय झालं कानसेन? माशी शिंकली?”

“ऐका.”

मिस्त्रींनी हेडफोन लावला. रिकामी जागा आली तसे ते ताडकन उठले आणि बाहेर पळाले. परत आले ते घामाघूम.

“मला वाटलं प्रेस बंद पडला.”

“पडला होता?”

“नाही ना! चालू आहे.”

“श्वास ऐकलात?”

“श्वास कसला? माझाच कोंडला होता.”

त्यांनी साचा उतरवून उन्हात धरून पाहिला. आरशासारखा स्वच्छ. त्याच गठ्ठ्यातली दुसरी तबकडी लावली, त्यात श्वास. तिसरी, त्यातही. पलीकडच्या प्रेसवरची लावली, त्यात काही नाही. साचे दोन्हीकडे एकाच धातूच्या पत्र्यावरून काढलेले.

“तुमच्या प्रेसमध्ये वेगळं काय आहे?” ताईंनी विचारलं.

मिस्त्रींनी साचा फडक्याने पुसायला घेतला.

“मिस्त्री.”

“भरडा,” ते हळूच म्हणाले. “गोदामातला. माझ्याच प्रेसला घातलाय. मालक म्हणाले थोडा थोडा घाल.”

ताईंनी यंत्रावरच्या तबकडीकडे पाहिलं.

बाईंना भरडलं, वितळवलं, वाफेच्या प्रेसखाली दाबलं. वर दुसऱ्याच्या धुना छापल्या. तरी त्यांनी श्वास घेतलाच.

ताईंनी गठ्ठ्यावर लाल खूण केली. परत.

मालक लगेच आले. बातमी कंपनीत वाऱ्याआधी पळते.

“श्वास? ताई, एका श्वासासाठी माल परत? ट्रक उद्या सकाळी यायचाय!”

“येऊ द्या.”

“या ऑर्डरवर सगळ्यांच्या चुली चालतात. तुमचीही.”

“माहीत आहे. मला भूक लागते, मालक. पण सही नाही करणार.”

मालकांनी रागाने हेडफोन ओढून घेतला आणि स्वतः लावला. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. धून संपली. रिकामी जागा आली…

मालकांनी कपाळाला हात लावला. मग दाराकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाला कान लावला, हेडफोनवरूनच.

सुई पुढे गेली. मालकांनी हेडफोन काढून खाली ठेवला. फार हळू, काचेचं भांडं ठेवावं तसा.

“मला काही ऐकू आलं नाही,” ते म्हणाले.

“काहीच?”

“काहीच नाही म्हणजे… काहीच नाही.” त्यांचा आवाज उतरला होता. “तुम्ही पास करा. नाहीतर सोमवारपासून ही खोली काढतो आणि तपासायला यंत्र आणतो. मला खरंच वेळ नाही, ताई.”

“आणा की. यंत्राची सही घ्या. माझी मिळणार नाही.”

मालक गेले. मिस्त्रीही खाली मान घालून गेले.

ताई एकट्या राहिल्या. दार लावून घेतलं. आणि मला त्यांनी नंतर जसं सांगितलं, तसंच सांगते. त्यांना भीती वाटली होती. पण भीतीपेक्षा राग मोठा होता.

“हे बघा बाई,” त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या. “मला घाबरवायला आला असाल तर दुसरं गिऱ्हाईक बघा. माझी नोकरी घालवायला आला असाल, तर ती जवळजवळ गेलीच आहे. पण काही सांगायचं असेल तर सरळ सांगा. नुसता श्वास घेऊन काय बसलात? आयुष्यभर गप्प बसलात, आता तरी तोंड उघडा!”

आणि सुई पुन्हा रिकाम्या जागेवर ठेवली.

कंपनी गप्प झाली.

श्वास आला.

आणि त्याच्या पाठोपाठ…

टण्ण.

पातळ पत्रा भिंतीवर आपटावा तसा.

पुन्हा… टण्ण.

हा आवाज हेडफोनमधला नव्हता. ताईंनी तो काढला, तरी येत होता. सगळी कंपनी मुकी, आणि तेवढाच एक आवाज, मागच्या बाजूने. साचे धुवायच्या खोलीतून.

ताईंनी सुई उचलली नाही. रिकामी जागा या वेळी संपतच नव्हती. तबकडी तशीच फिरत ठेवून त्या निघाल्या. वाटेत मिस्त्रींचा दंड धरला आणि त्यांना ओढतच नेलं. मिस्त्री काहीतरी बोलत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

साचे धुवायच्या खोलीत वर एक झरोका आहे. त्याची काच कधीची फुटलेली. त्या जागी एक गोल पत्रा अडकवलेला, मधल्या भोकातून तार ओवून. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. पण तो पत्रा हलत होता.

टण्ण.

ताईंनी वर पाहिलं आणि पत्रा थांबला. त्याच क्षणी मागचा गोंगाट परत आला.

“अहो हा तर मीच लावलाय!” मिस्त्री ओरडत होते. “पावसाचं पाणी आत यायचं म्हणून. बाद साच्यांतला एक उचलला आणि…”

त्यांनी स्वतःच स्टूल आणलं, चढले, तार सोडली. बाहेरची बाजू ऊन-पावसाने काळीठिक्कर. आतली, रेघांची बाजू खोलीकडे होती म्हणून वाचली होती. ताईंनी पदराने पुसली. शेवटच्या रेघेपुढे जी कोरी पट्टी असते, तिथे जुन्या कारागिराने सुईने हाताने नाव कोरलं होतं. साच्यावर सगळं उलटं असतं. ताईंना उलटं वाचायची सवय आहे.

बाईंचा साचा.

“आता काय?” मिस्त्रींनी विचारलं.

“आता काय म्हणजे? धुवा आणि चढवा.”

“ऑर्डर थांबवून? मालकांनी बघितलं तर माझं काही खरं नाही.”

“बघू दे. माझं तरी कुठे खरं आहे?”

मिस्त्री स्टुलावरून उतरले. “बाईंनी माझ्या तबकड्या फार परत केल्या हो,” ते म्हणाले. “एकदा तर म्हणाल्या, मिस्त्री, तुम्ही तबकड्या करता की पापड? आता ही एक परत करून दाखवा म्हणावं.”

त्यांनी साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने साचा धुतला, लेकराचे दात घासावेत तसा. वाळवला. प्रेसमधला चालू साचा उतरवून हा चढवला. नवे दाणे बाजूला सारले आणि नुसता भरडा घातला. बाईंचाच माल बाईंच्याच साच्यात. लेबल पांढरं, कोरं.

प्रेस खाली आला. फुस्स…

वर गेला.

मिस्त्रींनी तबकडी कडेने धरून उचलली, उजेडात तिरकी केली. आणि ताईंपुढे धरली.

“कानसेन… साच्यावर गाणी किती?”

“एक. तुम्हीच धुतलात ना?”

“मग हे बघा.”

तबकडीवर दोन पट्टे होते. मधे एक बारीक, चकचकीत रिकामी जागा.

दोन गाणी.

साचा पुन्हा पाहिला. एकच पट्टा, सलग. बोट फिरवून पाहिलं. सलग. तबकडी पाहिली. दोन.

मिस्त्री तिथेच साचा पुन्हा पुन्हा तपासत बसले. ताई मात्र ती गरम तबकडी घेऊन ऐकायच्या खोलीत गेल्या. गार व्हायची वाट बघितली. सुई ठेवली.

पहिलं गाणं. तरुण, भरलेला, निर्भीड आवाज. असा, की ज्याची एकही तबकडी का खपू नये हे ताईंना कळेना. संपलं. रिकामी जागा आली. ताईंनी डोळे मिटले. बाहेर प्रेस फुसफुसत होता, पंखा कुरकुरत होता, कुणीतरी शिव्या देत होतं. सगळं जिथल्या तिथे.

श्वास आला.

आणि या वेळी… सूर लागला.

दुसरं गाणं म्हातारीचं होतं. ताईंनी पाहिलेल्या बाईंचं. गेल्या थंडीतला तो कोरडा, खोकल्याने घासलेला आवाज. पण सुराला पक्का. असं गाणं बाईंनी कधी कुठे रेकॉर्ड केलेलं नव्हतं. आणि शेवटाकडे त्यांच्या मागे आणखी कुणीतरी होतं. फार हलक्या आवाजात साथ करणारं.

ताईंनी डोळे उघडले तेव्हा मालक दारात उभे होते.

“प्रेस कुणाला विचारून थांबवला?” एवढं ते म्हणाले खरे, पण त्यात जोर नव्हता.

ताईंनी हेडफोन पुढे केला. मालकांनी तो लगेच घेतला नाही. मग घेतला. दोन्ही गाणी उभ्यानेच ऐकली.

“लहानपणी मी या टेबलाखाली बसायचो,” ते म्हणाले. “बाई गोळी द्यायच्या. चावू नको, आवाज होतो म्हणायच्या.” मग त्यांनी घसा साफ केला. “त्या प्रेसमधला भरडा काढा. ऑर्डर नव्या दाण्यांवर पुन्हा मारा. ट्रकवाल्याला मी सांगतो.”

“आणि हा साचा?”

“सुट्टीच्या दिवशी कंपनीत कोण येतं, कोण जातं, मला माहीत नसतं,” मालक म्हणाले आणि पाठ फिरवली.

ऑर्डर नव्या दाण्यांवर गेली. त्यात श्वास नव्हता. ताईंनी सही केली. उरलेला भरडा मिस्त्रींनी पिंपात भरला आणि वर खडूने लिहिलं, ‘हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे’.

त्या संध्याकाळी ताई तबकडी घरी घेऊन आल्या. आमच्याकडे त्यांचं जुनं यंत्र आहे. मी माझं सांजेचं वाचन आटोपून बसले होते. आम्ही दोघींनी ती ऐकली. पहिल्या गाण्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला अंगावर काटा.

आणि मग तो मागचा आवाज आला.

मी ताईंकडे पाहिलं. त्या मन लावून ऐकत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. चेहऱ्यावर काही नाही.

वाटलं, मला भास झाला असेल.

दुसऱ्या दिवशी ताई यंत्र आणि तबकडी घेऊन मावशींकडे गेल्या. मावशींनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, ‘उगाच बाहेर सांडायला नको’ म्हणाल्या. पहिलं गाणं ऐकताना त्या हसत होत्या, लहान मुलीसारख्या. दुसरं लागलं तशा पुढे सरकल्या.

“हे तिने कधी म्हटलं?”

“मला माहीत नाही, मावशी.”

“अहो, शेवटी शेवटी अंथरुणात हीच चाल गुणगुणायची. नुसती चाल. म्हणायची, शब्द सापडत नाहीत गं.” मावशींनी यंत्रावर हात ठेवला. “सापडले वाटतं.”



“याच्या पुढचं एक होतं,” मावशी म्हणाल्या. “तिसरं. ते म्हणे मोठं आहे, दोघींनी म्हणायचं आहे, एकटीला झेपणार नाही. मला म्हणायची, तू म्हण. माझा मेलीचा गळा फाटका. आता ते… तेही झालं असेल का हो? आणाल मला?”

तबकडी एक दाबली तर एक गाणं जास्त आलं होतं. दुसरी दाबली तर काय येईल, कुणी सांगावं? पण ताई म्हणाल्या, “आणते.”

आज सुट्टी. कंपनी बंद. किल्ली मिस्त्रींकडे आहे आणि ते फाटकावर वाट बघणार आहेत. ताईंनी सकाळीच आंघोळ करून डबा भरला. मी माझा जप करत बसले होते. माळ हातात होती, पण तिसऱ्यांदा मणी चुकला. माळ खाली ठेवली आणि दाराशी गेले.

ताई चपला घालत होत्या.

“अगं, तो मागचा आवाज ऐकलास ना तू?” त्यांनी मान वर न करताच विचारलं. “साथीचा. माझे एवढे कान, पण काही केल्या ओळख लागत नाही. कुणाचा असेल गं?”

स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ओळखू येत नाही म्हणतात.

मी उंबऱ्यावर हात टेकला.

“ताई… तुमचा आहे तो.”

त्यांचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला.

“माझा? मी कुठे कधी गायले?”

“ते मला नाही माहीत. पण रोज ऐकते मी तुम्हाला. तुमचाच आहे.” मला रडू यायला लागलं. “नका ना जाऊ. ते तिसरं दोघींनी म्हणायचं आहे. मावशींना सांगू, साचा मोडला म्हणून.”

ताई घाबरल्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. पण मग त्यांनी तो पट्टा ओढून घट्ट केला, डबा उचलला आणि उभ्या राहिल्या.

“इतकी वर्षं सगळ्यांचं ऐकलं,” त्या म्हणाल्या. “मला गा म्हणून कुणी बोलावलं होतं का गं आजवर? आता कुणी बोलावतंय, तर नाही कशी म्हणू?”

“ताई…”

“कढी गॅसवर आहे, उतू जाईल. जा तू.”

आणि दार त्यांनीच बाहेरून हळूच ओढून घेतलं.